उलट्या पावलाचा धाकटा

एकटा चालला की धाकट्याच्या चालण्यात खोट काढायला जागा नसे. मान सरळ, मूठ बंद, हात खांद्याइतका वर, टाच आधी टेकलेली. अडचण व्हायची ती त्याच्यापुढे माणूस आला की. पुढच्याचा डावा पाय पडला की धाकट्याचा उजवा पडायचा, आणि उजवा पडला की डावा. ठरवून नव्हे. पायांनी आपापसात काही ठरवलेलं असावं आणि त्याला विचारलंच नसावं, असं ते चालायचं. आणि सैन्यात नव्याने भरती झालेल्या पोराच्या पुढे कोणी ना कोणी असतंच.

रांग लागायची उंचीप्रमाणे. धाकटा ना उंच ना बुटका, त्यामुळे तो मधोमध यायचा. त्याच्या पुढे यायचा बेकरीवाला. हा गडी भरती होण्याआधी भट्टीवर कामाला होता, अजूनही बिगुलाच्या आधी उठून कॉटवर पाय सोडून बसायचा आणि पीठ मळावं तसं स्वतःचं अंथरूण मळत राहायचा. त्याच्या दोन्ही टाचांना चिकटपट्ट्या होत्या. त्या धाकट्याच्या कृपेने.

"माझ्या टाचांशी तुझं काय वैर आहे सांग ना," तो म्हणायचा. "मी बुटाची मागची बाजू घासून घासून चमकवतो आणि तू येऊन चाटून नेतोस."

"मुद्दाम नाही रे करत."

"मुद्दाम केलं असतंस तर परवडलं असतं. मीही मुद्दाम एक दिली असती."

कवायत शिकवणाऱ्या हवालदाराला सगळे उस्ताद म्हणत. किडकिडीत माणूस, आवाज कायमचा बसलेला, गालात लवंग. तो हुकूम सोडला तर एरवी ओरडायचा नाही. जवळ येऊन हळू बोलायचा, आणि पोरांना तेच जास्त झोंबायचं.

"तुमच्याकडे भुतं आहेत का रे?" पहिल्याच आठवड्यात त्याने धाकट्याला विचारलं होतं.

"नाही, उस्ताद."

"असतील. नीट बघितलं नसशील. त्यातलं एक उलट्या पायाचं इकडे भरती झालंय."

झालं. त्या दिवसापासून धाकट्याचं नाव भूत पडलं. भुताला साबण द्या रे, भूत पोळ्या किती घेणार, भुताच्या कॉटवर कोण बसलंय. धाकट्याला राग आला नाही. घरीही त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. तिथे तो धाकटा, इथे भूत. हाक आली की माणसाने वळून बघायचं, एवढंच.

पण कवायतीची परीक्षा होती. त्यात नापास झालेल्याला काढून नव्या तुकडीत टाकत. म्हणजे पुन्हा डोकं भादरणं, पुन्हा पहिल्यापासून सावधान-विश्राम. तिथेही जमलं नाही तर घरचा रस्ता. आणि धाकट्याचं दुखणं तिथे होतं, कारण घरी त्याला जागा उरली नव्हती.

घर म्हणजे काचेचं दुकान, दुकानावर माळा. धाकट्याची गादी माळ्यावर होती. आता तिथे वहिनीचं शिलाई मशीन होतं, आणि वहिनीला दिवस गेले होते. पूर्वी बांधकामांवर मोठमोठ्या काचा वाहून न्याव्या लागत. मग कारखान्यातून चौकटीसकट खिडक्या यायला लागल्या, आणि दुकानाकडे उरल्या फुटलेल्या तावदानांच्या जागी बसवायच्या काचा आणि कपाटांचे आरसे. एक दिवस बाबांनी कापायची कटर रॉकेलच्या डबीत बुडवता बुडवता सांगितलं, "दुकान एकाला पोसेल. दोघांना नाही. कोण जातंय ते तुम्ही बघा." थोरल्याचं लग्न झालेलं. त्यामुळे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. भरतीची जाहिरात दुकानासमोरच्या भिंतीवर चिकटवलेली होती आणि धाकटा ती रोज काचेतून वाचायचा.

प्रशिक्षणाचे दिवस त्याच्या अंगावरून गेले ते झोपेत ऐकू आलेल्या बोलण्यासारखे. शब्द कळत, कोण बोलतंय ते कळत नसे. पहाटे थंड पाणी, मग धावणं, मग बंदूक उघडून पुन्हा जोडणं, चादरीची घडी, पुन्हा धावणं. मध्येच कुठेतरी जेवण. पोरं उभ्या उभ्या झोपायला शिकली. रांगेत विश्रामच्या हुकमात पाय फाकवून, हात पाठीमागे बांधून, डोळे उघडे ठेवून झोपायचं. धाकटा यात तरबेज होता. डोळे मिटायचे नाहीत, फक्त बघायचं थांबवायचं.

मग त्याला रस्ता दिसायचा. दुकान ते गिऱ्हाइकाचं घर, आणि दोघांच्या मध्ये उभी धरलेली काच. पुढे थोरला, मागे धाकटा. तळहातांत सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, कड बोटांत जाऊ नये म्हणून. साधी काच असली तर पलीकडचा रस्ता किंचित हिरवा दिसायचा, पाण्याखालून चालल्यासारखा. आरसा असला तर आणखी मजा. त्यात गॅलऱ्या चालायच्या, वाळत घातलेल्या चादरी चालायच्या, आभाळाचा एक चौकोन त्यांच्याबरोबर हलत हलत जायचा. समोरून येणाऱ्या बायका स्वतःलाच सामोऱ्या येत, केस सारखे करत आणि मग लाजून बाजूला होत. धाकट्याने आपलं गाव अर्धं असंच बघितलं होतं, काचेतून आणि उलटं.

"भूत! थम म्हटलं की थांबतात!"

तो बेकरीवाल्याच्या पाठीवर जाऊन आदळलेला असे.

उस्तादने उपाय करून पाहिले. डाव्या बुटाला लाल दोरा बांधून झाला. "दोऱ्याकडे बघू नको, दोरा ऐक," तो म्हणाला, आणि हे कसं करायचं ते बहुधा त्यालाही ठाऊक नव्हतं. बेकरीवाल्याच्या पाठीला खडूने बाण काढून झाले. सगळी तुकडी सावलीत बसवून धाकट्याला एकट्याला उन्हात मैदानभर चालवलं. तो असा चालला, की सावलीत बसलेली पोरं बोलायची थांबली.

उस्ताद जवळ आला. लवंग या गालातून त्या गालात गेली.

"एकटा चाललास तर साहेब, कोणाच्या मागे चाललास तर भूत. मी काय करू तुझं? एकट्याची पलटण उभारू?"

"मला पुढे ठेवा उस्ताद. सगळ्यांत पुढे."

"पुढे उंच माणूस उभा राहतो. तू काय स्टुलावर चालणार आहेस?"

पोरं हसली. उस्ताद हसला नाही. परीक्षा घ्यायला बाहेरचे अधिकारी येणार होते, आणि त्यात त्याच्याही तुकडीची इज्जत होती.

बराकीतल्या आरशासमोर दाढी करताना त्या संध्याकाळी बेकरीवाला म्हणाला, "या आरशात माझा गाल सुजलेला का दिसतो रे?"

"उजवीकडे काच पोटात गेली आहे. ओतीव काच नाही, जुनी ओढलेली आहे, तिला लाटा असतात. डावीकडे सरक."

बेकरीवाला सरकला. गाल जागेवर आला. मागे उभी असलेली भादरलेली डोकी एकामागोमाग एक लाटेत शिरून लांबट होऊन बाहेर पडत होती. त्यातलं आपलं कोणतं, हे ओळखायला धाकट्याला क्षणभर वेळ लागला.

"आपण नापास झालो तर काय करशील?" बेकरीवाल्याने विचारलं.

"आपण कशाला? मीच होईन. तू होणार नाहीस."

"तेच ते. काय करशील?"

"माहीत नाही," धाकटा म्हणाला. "माळ्यावर मशीन आहे."

बेकरीवाल्याला काही समजलं नाही. त्याने ब्लेड धुतलं.

भेटीच्या रविवारी थोरला आला. एकटाच. वहिनीला प्रवास नको म्हणून, आणि बाबांना दुकान म्हणून. त्याने मोजे आणले होते, टाचांना लावायचं मलम आणलं होतं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक हातभर आरसा. "कापातून उरला होता. बाबा म्हणाले दे त्याला."

"बोलले असं?"

"बोलले म्हणजे, माझ्या पिशवीत टाकला."

फाटकापासून कँटीनपर्यंत कुंपणाला लागून पायवाट होती, एकाच्या मागे एक जाता येईल एवढीच. थोरला पुढे निघाला, त्याच्या मागे धाकटा, आणि सवयीप्रमाणे जरा अंतर ठेवून बेकरीवाला, ज्याला भेटायला कोणी आलं नव्हतं आणि चहाचं आमंत्रण होतं. मधेच तो मोठ्याने हसायला लागला.

"अरे भुता! तू भावाच्या मागेही उलटाच चालतोस की!"

थोरला थांबला. धाकटा थांबला. दोघांनीही एकदमच पायांकडे बघितलं.

"मग?" थोरला म्हणाला. "उलटाच चालणार. सुलटा चालला असता तर आम्ही उपाशी मेलो असतो."

"म्हणजे?"

थोरल्याने हातातली पिशवी आडवी धरली आणि दाखवलं. "मोठी काच दोघांनी धरली, आणि दोघांचा एकच पाय एकदम पडला, की मधला भाग नाचायला लागतो. पाऊल, हेलकावा, पाऊल, हेलकावा. नाचली की गेली. म्हणून पुढच्याचा डावा तर मागच्याचा उजवा. बाबांनी हा एवढा होता तेव्हापासून शिकवलंय. आधी पत्र्याची पाटी घेऊन चालवायचे आम्हाला, वर पाण्याने भरलेला पेला ठेवून. सांडलं तर पुन्हा."

बेकरीवाल्याने धाकट्याकडे बघितलं. "मग हे तू उस्तादला सांगितलं का नाहीस?"

धाकटा सांगणार काय? त्याला ते माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण श्वास घेतो हे माहीत असतं तसं. चालण्यात काही शिकवलेलं असतं हेच तो विसरला होता.

कँटीनच्या बाकावर चहा घेताना थोरला आणखी एक बोलला. सहज, पेल्यात बघत.

"तू गेलास त्या दिवशीचा न्हाव्याकडचा आरसा आठवतो? भिंतभर?"

आठवत होता. भरतीची गाडी चौकात उभी होती, आणि तरी बाबांनी ठरलेलं काम सोडलं नव्हतं. निरोप देणं त्यांच्या लेखी कामात धरलं जात नसे. न्हाव्याच्या उंबऱ्यात आरसा अर्धा आत, अर्धा बाहेर असताना गाडीने भोंगा वाजवला. मग बाबा मागून आले आणि धाकट्याचा कोपरा त्यांनी आपल्या हातात घेतला. धाकटा पिशवी उचलून पळत सुटला.

"तू टेकली म्हणाला नाहीस," थोरला म्हणाला. "मी पुढे. मला मागचं काय दिसणार? बाबा बोलतील म्हणून थांबलो. ते बोलेनात. त्यांना सवयच नाही, ते कधी मागे धरत नाहीत. बराच वेळ दोघेही आरसा धरून उभे. शेवटी न्हावीच ओरडला, अरे ठेवा की आता, का रात्रभर धरणार!"

दोघे हसले. बेकरीवाल्याला समजावं म्हणून थोरल्याने सांगितलं, की काच खाली ठेवताना मागच्याने टेकली म्हणायचं असतं. तो शब्द आल्याशिवाय पुढच्याने हात सोडायचा नाही. एकदा तो शब्द आला की काम संपलं. मग हवं तसं चाला, हवं तिथे जा, खांद्यावर हात टाकून गाणी म्हणा.

"बाबा अजून बोलतात," थोरला म्हणाला. "गिऱ्हाइकांना सांगतात, धाकटा काच हातात घेऊनच गेला."

त्या आठवड्यात धाकट्याने पायांवर पहारा ठेवला. परिणाम वाईट झाला. आता तो ना उलटा चालत होता ना सुलटा. एक पाऊल विचारून, एक पाऊल घाबरून. बेकरीवाल्याच्या चिकटपट्ट्या वाढल्या. उस्ताद जवळ येऊन काही बोलेनासा झाला, आणि हे सगळ्यांत वाईट होतं.

परीक्षेच्या सकाळी मैदानावर धुकं होतं. इतकं, की रांगेतल्या माणसांना गुडघ्याखाली पाय उरले नव्हते. परीक्षा घेणारे अधिकारी चबुतऱ्यावर उभे होते. तेही कमरेपासून वरचेच. आवाज ओल्या कापडातून आल्यासारखे येत होते. कुठेतरी कोणी खोकलं, आणि ते खोकणं बराच वेळ मैदानावर फिरत राहिलं.

धाकटा सावधानमध्ये उभा होता आणि बघायचं त्याने थांबवलं होतं. समोर बेकरीवाल्याची मान, कानामागे वस्तऱ्याची लहानशी खरड. त्या मानेच्या आणि आपल्या मध्ये त्याला काच दिसली. उभी, स्वच्छ, कडेला हिरवी. पलीकडचं धुकं तिच्यात किंचित हिरवं होतं. इतके दिवस ती तिथे होती तर. हात बाजूला ताठ होते, पण तळहातांना ट्यूबच्या तुकड्यांचा खडबडीतपणा लागत होता. वजन मात्र कळत नव्हतं. धरून धरून वजन कळेनासं होतं, तसं.

त्याने ती खाली घेतली. घाईने नाही. आधी मागचा कोपरा, मग पुढचा, मनातल्या मनात गुडघ्यांत वाकून. ओल्या गवतावर कड बसली आणि काच आपली आपण उभी राहिली.

"टेकली," धाकटा म्हणाला.

मोठ्याने म्हणाला. मागच्याने मोठ्यानेच म्हणायचं असतं, पुढच्याला ऐकू जायला हवं.

"तेज चल!"

तुकडी निघाली. डावा, उजवा, डावा. धुक्यातून टाचांचा आवाज येत होता आणि तो एकच होता. धाकट्याने खाली बघितलं नाही. बघून काही दिसलंही नसतं. त्याला एवढंच समजलं, की बेकरीवाल्याची मान वर जाते तेव्हा आपणही वर जातो, खाली जाते तेव्हा खाली. पुढच्याच्या पुढचाही तसाच, आणि मागचाही. सगळे मिळून एकच लांबलचक माणूस झोपेत चालला आहे. असं चालताना काही सांभाळावं लागत नाही, याचं त्याला थोडं नवल वाटलं. आणि थोडं चुकल्यासारखंही वाटलं, दुकानातून पिशवी न घेता निघाल्यासारखं.

"थम!"

बेकरीवाल्याच्या टाचा शाबूत होत्या.

अधिकारी गेल्यावर उस्ताद रांगेसमोरून हळूहळू चालत आला. धाकट्यासमोर थांबला.

"पास झालास."

"होय, उस्ताद."

"रांगेत बोललास."

"होय, उस्ताद."

"काय टेकली?"

धाकट्याने तोंड उघडलं. सगळं सांगायचं तर न्हाव्यापासून सुरुवात करावी लागली असती.

"काच, उस्ताद."

उस्तादने त्याच्या मागे बघितलं, पुढे बघितलं, गवताकडे बघितलं. लवंग चावली.

"बंदूक डोक्यावर. मैदानाला फेऱ्या. मी थांब म्हणेपर्यंत. आणि त्या काचेला पाय लागू देऊ नकोस."

धाकटा धावत असताना धुकं विरलं आणि ऊन आलं. उस्तादला थांब म्हणायची आठवण बऱ्याच उशिराने झाली.

शपथेच्या परेडला बाबा आले. दुकान बंद करून आले, आणि ही गोष्ट थोरल्याने नंतर दोनदा सांगितली. दोघे दोरीच्या पलीकडे गर्दीत उभे होते. थोरल्याने बाबांना आधीच सांगून ठेवलं होतं, शोधायला सोपं आहे, ज्याचा पाय उलटा पडेल तो आपला.

तुकडी त्यांच्या समोरून गेली. धाकट्याला मान वळवायची नव्हती, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून दोघेही दिसले. बाबा पायांकडे बघत होते. एकामागोमाग एक बूट, सगळे एकदम वर, सगळे एकदम खाली. बाबांची नजर पहिल्या रांगेवरून गेली, दुसऱ्या रांगेवरून गेली, धाकट्यावरून आरपार गेली आणि पुढे जाऊन शोधत राहिली.

"हा नाही," ते म्हणत होते. "हाही नाही. थोरल्या, कुठाय तो?"

तेवढं धाकट्याला ऐकू आलं. हाक नव्हती ती, तरी त्याला वळून बघावंसं वाटलं. पण पुढे बेकरीवाल्याची मान होती, आणि तिच्याबरोबर तो निघून गेला.

नंतर फाटकाजवळ भेट झाली. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग त्याचा हात उलटा करून तळहात बघितला. ट्यूबचे घट्टे गेले होते. बंदुकीचे आले होते, दुसऱ्या जागी.

"चालतोस चांगला," बाबा म्हणाले. "ओळखू आला नाहीस."

"हो, बाबा."

"काम आहे ते तुझं. तसंच हवं."

सुट्टी मिळाली होती. नेमणुकीच्या जागी हजर व्हायच्या आधी घरी जाऊन यायचं. वहिनीने मशीन एका कोपऱ्यात सरकवून गादीपुरती जागा केली होती. धाकट्याची पत्र्याची ट्रंक जड होती. थोरल्याने पुढची कडी धरली, धाकट्याने मागची, आणि दोघे गाडीच्या दिशेने निघाले. बाबा ट्रंकेच्या बाजूने चालत होते, एक हात झाकणापासून इंचभर वर धरून. न लावता. काच नेताना चालायचे तसे.

बराकीच्या पायरीवर उस्ताद उभा होता. त्याच्या समोरूनच ते गेले. त्याने सवयीने पायांकडे बघितलं. पुढच्याचा डावा, मागच्याचा उजवा. पुढच्याचा उजवा, मागच्याचा डावा. ट्रंक जराही हलत नव्हती. उस्तादने लवंग या गालातून त्या गालात फिरवली.

गाडीच्या पाठीमागे ते थांबले. थोरला कडी धरून, तोंड पलीकडे करून, वाट बघत उभा राहिला.

"टेकली," धाकटा म्हणाला, आणि थोरल्याने हात सोडला.